पिवळ्या पुड्याच्या बाजूने

"तुमचा लोगो काहीच बोलत नाही." मागच्या पावसाळ्यात एका मसाला कारखानदाराच्या कार्यालयात हे वाक्य कानांवर पडलं. वडिलांनी उभा केलेला धंदा आता मुलगा बघतो. त्यानं शहरातल्या डिझाइनवाल्यांना बोलावलं होतं. आलेली दोघं तयारीची होती, मन लावून बोलत होती. हिरव्या पुड्यावरचा लाल गोल जुनाट दिसतो, त्यातून कंपनीची गोष्ट कळत नाही, नव्या पिढीला तो आपला वाटणार नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी आणलेल्या चिन्हात मिरीचा दाणा होता, उगवता सूर्य होता आणि घराण्याच्या तीन पिढ्यांच्या तीन रेषा होत्या. पुडा काळा, मॅट फिनिशचा. हा लोगो एकदा पाहिला की कंपनी कायमची लक्षात राहील, असं त्यांनी सांगितलं.

मी तिथे छपाईवाला म्हणून बसलो होतो. सत्तावीस वर्षं मी पुडे छापतोय: मसाले, चहा, शेवया, पापड, साबण. मला प्रश्न आला तो छपाईच्या सिलिंडरच्या खर्चाचा, त्याचं उत्तर मी तिथेच दिलं. बाकीचं उत्तर इथे देतो, कारण ते म्हणणं फक्त त्या दोघांचं नाही. चिन्ह अर्थपूर्ण हवं, सोपं हवं, आजचं हवं, मग ओळख आपोआप होते, हे मी गेली पंधरा वर्षं बैठकीमागून बैठकीत ऐकतोय. आपल्याकडचे लहान-मोठे कारखानदार त्यावर विश्वास ठेवून बापजाद्यांची कमाई पणाला लावतात. मला हे साफ नामंजूर आहे. चिन्ह कितीही बोलकं काढलं तरी पहिल्या दिवशी ते परकंच असतं. एकच गोष्ट, त्याच रंगात, त्याच जागी, वर्षानुवर्षं लोकांच्या डोळ्यांपुढे राहिली की मग ओळख होते. आणि तिच्यातलं मोठं काम गिऱ्हाइकानं केलेलं असतं, कंपनीनं नव्हे.

आधी अर्थाचं बघू. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड स्टेट विद्यापीठात शिकणाऱ्या कॅरोलिन डेव्हिडसननं एका नव्या बूट कंपनीला एक वळणदार खूण काढून दिली. मोबदला ३५ डॉलर. कंपनीच्या फिल नाईटला ती खूण फारशी आवडली नव्हती. पुढे आवडायला लागेल कदाचित, असं म्हणत त्यानं ती घेतली, कारण बूट तयार व्हायचे होते आणि हाताशी वेळ नव्हता. तीच आजची नायकेची खूण. आज तिच्याकडे पाहून कुणी वेग म्हणतं, कुणी जिद्द, कुणी ग्रीक विजयदेवतेचा पंख. हे सगळे अर्थ तिच्यात नंतर भरले गेले; धावपटूंनी, जाहिरातींनी आणि कोट्यवधी बुटांनी भरले. मास्टरकार्डनं जानेवारी २०१९ मध्ये आपल्या चिन्हातलं नाव काढून टाकलं आणि एकमेकांवर चढलेली नुसती दोन वर्तुळं ठेवली, एक लाल, एक पिवळं. अशी वर्तुळं बालवाडीतलं मूलही काढतं. पण साधारण पन्नास वर्षं ती कार्डांवर आणि दुकानांच्या दारांवर दिसत राहिली, म्हणून नाव काढायची हिंमत झाली. पहिल्याच वर्षी कुणी तसं केलं असतं तर त्या वर्तुळांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं.

आपल्या बाजाराला हे नवं नाही. ब्रँड हा शब्द येण्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे 'छाप' होती. एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरच्या गिरण्यांचं कापड हिंदुस्थानात यायचं तेव्हा ताग्यावर रंगीत कागदी टिकिट चिकटवलेलं असायचं. त्यावर देव, हत्ती, वाघ असत. घेणाऱ्यांतल्या बहुतेकांना त्यावरचं इंग्रजी वाचता येत नव्हतं, आणि त्यांचं काही अडतही नव्हतं. ते चित्र सांगून माल मागायचे. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत शाईचा धंदा सुरू केला, आधी घोडा छाप, मग उंट. उंटाचा शाईशी काय संबंध, हे शाळेतल्या कुठल्याच मुलानं कधी विचारलं नाही. रंगपेटीवर उंट आहे ना, एवढं बघितलं आणि पेटी दप्तरात टाकली.

या विषयावरचा माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोलाचा धडा सर्वोच्च न्यायालयाच्या १९७२ च्या एका निकालात आहे. १९२९ मध्ये मुंबईच्या विलेपार्ल्यात सुरू झालेल्या पारले कंपनीनं म्हैसूरच्या जे. पी. अँड कंपनीवर दावा लावला होता. वाद ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनाचा. पारलेच्या वेष्टनावर मळ्यातलं दृश्य होतं: मधोमध बादली घेतलेली मुलगी, भोवती गायी आणि कोंबड्या, मागे घर नि झाडं. समोरच्या कंपनीच्या वेष्टनावरही मुलगी, गायी, कोंबड्या. त्यांचा बचाव असा, की आमची मुलगी वेगळी आहे. तिच्या डोक्यावर गवताचा भारा आहे, हातात विळा आणि जेवणाचं गाठोडं आहे, गायी-कोंबड्याही तशा नाहीत. एकेक फरक मोजून दाखवला होता, आणि म्हैसूर उच्च न्यायालयात पारलेच्या पदरी निराशाच आली.

सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. दोन वेष्टनं शेजारी शेजारी ठेवून फरक मोजायचे नसतात, असं न्यायालयानं सांगितलं. गिऱ्हाईक तसं करत नाही. त्यानं एक पुडा आज पाहिलेला असतो आणि दुसरा काही दिवसांनी समोर येतो. मधल्या काळात त्याच्या डोक्यात उरतो तो ढोबळ ठसा: पुड्याचा आकार, रंगांची मांडणी, एक मुलगी, गाय, कोंबडी. सामान्य गिऱ्हाइकाकडे शेरलॉक होम्सची नजर नसते, असंही निकालपत्रात आहे. ओळख कुठे राहते, याचं इतकं नेमकं उत्तर मला दुसरीकडे कुठे मिळालेलं नाही. ती त्या मधल्या दिवसांत राहते, पुडा समोर नसताना. मिरीचा दाणा आणि तीन पिढ्यांच्या तीन रेषा त्या दिवसांत टिकत नाहीत. टिकतो तो रंग आणि एखादी आकृती.

पारलेनं बदल केलेच नाहीत असं नाही. एव्हरेस्ट या जाहिरात संस्थेच्या मगनलाल दैय्या यांनी १९६० च्या दशकात काढलेली लहान मुलगी आली, गायी-कोंबड्या मागे पडल्या. ग्लुको नावाच्या बिस्किटांची बाजारात गर्दी झाली तेव्हा १९८० च्या दशकात कंपनीनं नावच पारले-जी केलं. मेणकागद गेला, प्लास्टिक आलं. पण पिवळे-पांढरे पट्टे, लाल अक्षरं आणि ती मुलगी यांना कुणी हात लावला नाही. एसटी स्टँडवरच्या टपरीत बरणीमागून पुड्याची नुसती कड दिसली तरी माणूस पाच रुपये पुढे करतो. त्या कडेवर नाव नसतं, मुलगीही नसते. फक्त पट्टा असतो.

आता रंगाच्या शास्त्राबद्दल. लाल भूक वाढवतो, निळा विश्वास देतो, हिरवा निसर्ग सांगतो, असा तक्ता प्रत्येक सादरीकरणात असतो. टपालपेटी लाल, एसटी लाल, कोका-कोला लाल, कोलगेट लाल. या चौघांचा अर्थ एक आहे का? रंग कुणाचा झाला, हे महत्त्वाचं. २००३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात कोलगेट दंतमंजनाच्या डब्यावरून वाद गेला. डब्याचा एक तृतीयांश भाग लाल, दोन तृतीयांश पांढरा, आणि याच क्रमानं. वाचता न येणारं गिऱ्हाईक याच रंगांच्या मांडणीवरून माल ओळखतं, हे न्यायालयानं मान्य केलं आणि प्रतिस्पर्धी अँकरला ती रंगसंगती वापरायला अंतरिम मनाई केली. लाल आणि पांढऱ्यात स्वतःचं असं काहीच विशेष नाही. ते प्रमाण आणि तो क्रम वर्षानुवर्षं सांभाळला, एवढंच विशेष.

हे सांभाळणं म्हणजे काय असतं ते जवळून बघायला हवं. आमच्याकडे प्रत्येक पुड्याचं एक शेड कार्ड असतं. पुठ्ठ्यावर एकाच रंगाचे तीन तुकडे चिकटवलेले: फिका, मंजूर, गडद. खाली कंपनीच्या माणसाची सही आणि तारीख. छापलेला रंग फिका आणि गडद यांच्यामध्ये बसला पाहिजे, नाहीतर रोल परत. रात्रपाळीत मशीन चालू असताना ऑपरेटर दर काही मिनिटांनी तुकडा कापतो, कार्डाशेजारी धरतो आणि प्रकाशपेटीखाली बघतो, कारण साध्या ट्यूबलाइटखाली पिवळा फसवतो. पिवळ्यासारखा अवघड रंग नाही. शाईत दुसऱ्या रंगाचा अंश मिसळला की तो हिरवट होतो, लिंबाकडे जातो. जरा तांबूस झाला की हळदीकडे. कागदावर हा फरक केसाएवढा, दुकानात मात्र दोन वेगळ्या कंपन्या. आमचा एक जुना ऑपरेटर, आता निवृत्त झालाय, एका चहाच्या पुड्याचा पिवळा कार्ड न बघता सांगायचा. "साहेब, आज लिंबू मारतोय," म्हणायचा, आणि कार्ड धरलं की खरंच तसं असायचं. त्या चहाची ओळख या माणसाच्या डोळ्यात होती. चहाच्या कंपनीत त्याचं नाव कुणालाही माहीत नसेल, पण लोगो काढणाऱ्याइतकाच वाटा त्याचा आहे असं मी मानतो.

पुढचा मुद्दा पिढीचा. नव्या ग्राहकाला नवं हवं, जुनं चिन्ह माल म्हातारा दाखवतं, असं म्हणतात. या समजुतीची किंमत काय असते ते अमेरिकेत ट्रॉपिकाना रसानं दाखवून दिलं. त्यांच्या खोक्यावर अनेक वर्षं एक संत्रं होतं आणि त्यात खुपसलेली स्ट्रॉ. जानेवारी २००९ मध्ये पेप्सिको कंपनीनं पीटर आर्नेलच्या संस्थेकडून नवं खोकं करून घेतलं. संत्रं गेलं, रसाचा पेला आला, नाव आडवं होतं ते उभं झालं. दिसायला खोकं वाईट नव्हतं. स्वच्छ होतं, आधुनिक होतं, सोपं होतं; डिझाइनवाल्यांच्या कसोट्यांना उतरणारं. पण लोक दुकानातल्या फळीसमोर उभे राहिले आणि त्यांना आपला रस सापडेना. दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे २० टक्क्यांनी घसरली आणि फेब्रुवारी संपायच्या आत कंपनीनं जुनं खोकं परत आणण्याची घोषणा केली. आतला रस तोच होता. बदललं होतं फक्त ते, ज्याच्या खुणेनं माणसाचा हात त्या रसाकडे जायचा.

असे निर्णय का होतात, हे मी पुष्कळ बैठका पाहून सांगू शकतो. मार्केटिंगचा माणूस आपला पुडा दिवसातून पन्नास वेळा बघतो. भिंतीवर तो, टेबलावर तो, सादरीकरणात तो. तीन वर्षांत तो त्याला कंटाळतो. गिऱ्हाईक तोच पुडा महिन्यातून एकदा, दोन सेकंद बघतं. कारखान्यातल्या माणसाला पुडा नकोसा होतो नेमका तेव्हाच दुकानातल्या माणसाला तो ओळखीचा व्हायला लागलेला असतो. मग ऑफिसातला कंटाळा 'बाजाराची मागणी' म्हणून लिहिला जातो. यात कुणाची लबाडी नसते. पण नुकसान व्हायचं ते होतंच.

सोपं करण्याचंही असंच. मोबाईलच्या छोट्या पडद्यावर दिसावं म्हणून अक्षरांची टोकं काढा, चित्र काढा, सावली काढा. गेल्या दशकात युरोपातल्या एकामागून एक मोठ्या फॅशन कंपन्यांनी आपली जुनी अक्षरं टाकून जाड, बिनटोकांची अक्षरं घेतली आणि सगळ्यांच्या पाट्या सख्ख्या भावंडांसारख्या दिसू लागल्या. बर्बेरीनं २०१८ मध्ये तेच केलं. २०२३ मध्ये आपला जुना घोडेस्वार तिनं परत आणला. पडदा लहान झाला हे खरं आहे. पण लहान पडद्यावर सगळे सारखे दिसणार असतील तर उपयोग काय? १९१५ मध्ये कोका-कोलानं बाटली करून मागवली तेव्हा अट घातली होती, की अंधारात हात लावला तरी कळावी आणि फुटून जमिनीवर पडली तरी तुकड्यांवरून ओळखावी. वेगळेपणाची याहून कडक अट मी ऐकलेली नाही, आणि तिच्यात सोपेपणाचा उल्लेखही नाही.

माझ्या विरुद्ध जाणारं एक उदाहरण आहे आणि ते टाळून पुढे जाणं बरोबर होणार नाही. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये एशियन पेंट्ससाठी काढलेला गट्टू, हातात ब्रश आणि रंगाची बादली घेतलेला तो खोडकर पोरगा, या शतकाच्या सुरुवातीला कंपनीनं निवृत्त केला. त्यामुळे कंपनी बुडाली नाही, उलट वाढली. मग खूण सोडली तरी चालतं का? चालतं, जिथे गिऱ्हाईक फळीवरून माल उचलत नाही तिथे. भिंतीचा रंग ठरवताना रंगारी असतो, डीलर असतो, शेड कार्ड आणि रंग मिसळणारं यंत्र असतं; दोन सेकंदांत हात पुढे करायचा नसतो. मसाल्याला, बिस्किटाला, साबणाला ती चैन नाही. आणि वीस वर्षांनंतरही माझ्या वयाच्या कुणालाही गट्टू म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. एवढं कमावलेलं धन कंपनीनं वापरायचं सोडून दिलं, याची मला आजही हळहळ वाटते.

बदलावर माझा राग नाही. अमूलची मुलगी १९६६ मध्ये सिल्व्हेस्टर दाकुन्हा आणि युस्टेस फर्नांडिस यांनी जन्माला घातली. तेव्हापासून ती क्रिकेट खेळली, निवडणुकीला उभी राहिली, अंतराळात गेली. दर थोड्या दिवसांनी नवा फलक, नवा विषय. जयंत राणे यांच्यासारखे चित्रकार वर्षानुवर्षं तिला नव्या नव्या प्रसंगांत काढत आले. पण निळे केस, ठिपक्यांचा फ्रॉक, नसलेलं नाक आणि ब्रेडवरचं लोणी हलत नाही. ते हलत नाही म्हणूनच बाकी सगळं रोज बदलता येतं. नवेपणाची हौस भागवायला केवढी जागा असते, हे यातून शिकण्यासारखं आहे.

त्या मसाल्याचा काळा पुडा दिवाळीआधी बाजारात आला. छापला आम्हीच, आणि छपाई उत्तम झाली. कार्तिकात मी आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडे उभा होतो. शेजारच्या आजी म्हणाल्या, "तो हिरवा पुडा दे रे, लाल टिकलीचा." दुकानातल्या पोरानं काळा काढून दिला. "आजी, हाच तो. कंपनीनं बदललाय." आजींनी पुडा उलटासुलटा केला, वास घेतला, परत काउंटरवर ठेवला. "नको. मला आपला नेहमीचाच दे. नसला तर राहू दे." त्यांना नाव वाचता येत होतं, चष्माही होता. पण तीस वर्षं त्यांनी नाव वाचून तो पुडा घेतलाच नव्हता. त्यांच्यासाठी त्याचं नावच लाल टिकली होतं, आणि हे नाव त्यांनी ठेवलेलं होतं. कंपनीला ते ठाऊकही नव्हतं. पौषात कारखान्याकडून आम्हाला स्टिकरची ऑर्डर आली. मजकूर: 'नवा पॅक, तीच चव'. हे स्टिकर मी आजवर अनेकांसाठी छापलं आहे. जुन्या पुड्यावर असं काही लिहायची वेळ कधी आली नव्हती.

ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या एहरनबर्ग-बास संस्थेत जेनी रोमानियुक यांनी याच विषयावर काम केलं आहे. २०१८ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्या दोनच गोष्टी मोजायला सांगतात: ही खूण पाहून किती लोकांना तुमचं नाव आठवतं, आणि किती जणांना दुसऱ्याचं. लोगो सुंदर आहे का, हा प्रश्न त्यात नाही. आपल्या कारखानदारांना एवढं मोजमाप परवडत नसेल तर साधा मार्ग आहे. नवं डिझाइन मंजूर करण्याआधी तुम्ही स्वतः एक अख्खी सकाळ वाण्याच्या दुकानात उभे राहा. डिझाइनवाल्या मुलांनाही बरोबर न्या. ती हुशार आहेत, त्यांना फक्त तिथे कुणी नेलेलं नसतं. गिऱ्हाईक तुमचा माल काय म्हणून मागतं ते ऐका आणि त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. पिवळा पुडा, उंटाची पेटी, लाल टिकली. त्या कागदावर जे येईल त्याला हात लावू नका. बाकी सगळं खुशाल बदला, मी आनंदानं छापून देईन.

हिरव्या पुड्याचे सिलिंडर मी मोडीत काढलेले नाहीत. ग्रीस लावून, कागदात गुंडाळून रॅकवर ठेवले आहेत, आणि शेड कार्डावर वडिलांची सही अजून स्पष्ट वाचता येते.